किशोरवयीन मुले, अमली पदार्थ आणि हेरॉइन : सोलापूरच्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुळे सोलापूर, सैफुल, होटगी रोड, विजापूर रोड या भागांतील पालकसभांत गेल्या काही वर्षांत जे प्रश्न पुन्हापुन्हा कानावर येतात, ते येथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. यांतील बहुतेक प्रश्न सभेत कोणी विचारत नाही. सभा संपल्यावर, इतर पालक चपला घालून निघून गेल्यानंतर, जिन्यात थांबून हळू आवाजात ते विचारले जातात. ही उत्तरे डॉक्टरांच्या तपासणीची जागा घेऊ शकत नाहीत, परंतु डॉक्टरांपर्यंत पोहोचायला जो उशीर होतो तो कमी करण्यासाठी त्यांचा उपयोग व्हावा.

आमची कॉलनी शांत आहे, सगळी शिकलेली, नोकरदार माणसे राहतात. असले प्रकार इकडे कशाला येतील?

ऑक्टोबर २०२३ मध्ये चिंचोळी एमआयडीसीत मेफेड्रोन, म्हणजे ज्याला सगळे 'एमडी' म्हणतात तो पदार्थ, तयार करणारा कारखाना पोलिसांनी उघडकीस आणला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुण्याच्या रस्त्यावरील कुरकुंभ येथे याच पदार्थाचा शेकडो किलोंचा साठा सापडला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरील तामलवाडीजवळ एमडी घेऊन निघालेल्यांना पकडण्यात आले. ही तिन्ही ठिकाणे आपल्या रोजच्या येण्याजाण्याच्या वाटेवरची आहेत, त्यामुळे 'हे मुंबईचे लोण आहे' असे म्हणत बसण्यात आता अर्थ उरलेला नाही.

शहराच्या नव्या भागांची स्वतःची एक अडचण आहे. पाच्छा पेठेत किंवा दाजी पेठेत मुलगा अवेळी बाहेर पडला तर चार ओट्यांवरून चार जण विचारतात. नव्या कॉलनीत आई-वडील दोघेही कामावर, मुलाला वरच्या मजल्यावर स्वतंत्र खोली, दहावी झाल्याबरोबर गाडी, क्लाससाठी शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरण्याची मोकळीक आणि हातात ऑनलाइन पैसे भरता येणारा मोबाइल अशी परिस्थिती असते. यातली एकही गोष्ट वाईट नाही. एवढेच की, या सगळ्यात मुलाला सलग काही तास कोणीही पाहत नाही, आणि व्यसन सुरू व्हायला तेवढी सवड पुरते.

हेरॉइन म्हणजे नेमके काय? गर्द आणि ब्राऊन शुगर हे निराळे पदार्थ आहेत का?

अफूच्या बोंडातून निघणाऱ्या चिकापासून मॉर्फीन मिळते आणि मॉर्फीनवर रासायनिक प्रक्रिया केली की हेरॉइन तयार होते. आपल्याकडे रस्त्यावर मिळते ती त्याची अशुद्ध, भेसळयुक्त, तपकिरी भुकटी. तिलाच ब्राऊन शुगर, गर्द किंवा स्मॅक म्हणतात. ती बहुधा चांदीच्या कागदावर ठेवून खालून तापवतात आणि निघणारा धूर नळीने ओढतात. काही जण पुढे सुईकडे वळतात. महाराष्ट्राला हा पदार्थ नवा नाही. १९८० च्या दशकात गर्दने पुण्या-मुंबईतील कॉलेजच्या मुलांना गाठले होते आणि त्याच काळात, १९८६ मध्ये, पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले.

हेरॉइन मेंदूच्या त्या केंद्रांवर काम करते जी वेदना, सुख आणि श्वास यांचे नियंत्रण करतात. रोज घेतल्यास काही आठवड्यांतच शरीर त्यावर अवलंबून राहू लागते. त्यानंतर मुलगा मजेसाठी घेत नाही. घेतले नाही तर जो त्रास होतो तो टाळण्यासाठी घेतो. हा फरक पालकांच्या लक्षात आला की 'एवढे समजावले तरी पुन्हा गेलाच कसा' या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते.

अमेरिकेतील नातेवाईक सांगतात की तिकडच्या उपनगरांत चांगल्या घरची मुले हेरॉइनने दगावली. आपल्याकडेही तसेच होणार का?

तिकडची वाट वेगळी होती. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अमेरिकेत डॉक्टरांच्या चिठ्ठीवर अफूवर्गीय वेदनाशामक गोळ्या मोठ्या प्रमाणावर दिल्या गेल्या, त्या घरोघरच्या कपाटांत उरल्या आणि त्यांची सवय लागलेले अनेक जण, गोळ्या महाग व दुर्मिळ झाल्यावर, स्वस्त हेरॉइनकडे वळले. पुढे हेरॉइनमध्ये फेंटॅनिल हा कित्येक पटींनी तीव्र पदार्थ मिसळला जाऊ लागला आणि २०२१ मध्ये त्या देशात एका वर्षात अमली पदार्थांच्या अतिसेवनाने मरण पावणाऱ्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली.

आपल्याकडे तशा गोळ्या सहजासहजी लिहून दिल्या जात नाहीत. तरीही त्या अनुभवातून घेण्यासारखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे घरातले औषधाचे कपाट. आजोबांच्या झोपेच्या गोळ्या, ऑपरेशननंतर उरलेल्या ट्रॅमाडॉलच्या गोळ्या, कोडीनयुक्त खोकल्याचे औषध या गोष्टी मोजून, कुलपात ठेवाव्यात आणि गरज संपल्यावर उरलेल्या गोळ्या घरात ठेवू नयेत.

मग सोलापुरातील मुलांच्या हाती काय येते? थेट हेरॉइनच का?

थेट हेरॉइनपासून सुरुवात क्वचितच होते. आमच्याकडे आलेल्या मुलांच्या बाबतीत क्रम साधारण मावा किंवा सिगारेट, मग गांजा, आणि त्यापुढे वाट फुटते ती मित्रांच्या घोळक्यानुसार गोळ्यांकडे, एमडीकडे किंवा गर्दकडे. लहान वयातील मुले व्हाइटनर, पंक्चरचे सोल्यूशन, थिनर हुंगतात. हा प्रकार गरीब वस्त्यांपुरताच आहे असे मानले जाते, ते बरोबर नाही. ताडीचा प्रश्न सोलापूरला वेगळा सांगायला नको. रसायन मिसळलेली ताडी हे निव्वळ पेय उरत नाही, हे मात्र मुलांना स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे.

केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात हेरॉइन घेणाऱ्यांचे प्रमाण सुमारे १.१४ टक्के होते आणि हुंगण्याचे पदार्थ हा असा एकच प्रकार होता ज्यात मुलांचे प्रमाण (१.१७ टक्के) प्रौढांपेक्षा (०.५८ टक्के) जास्त आढळले. म्हणजे बहुसंख्य मुले यापासून दूर आहेत. सभेत घाबरवणारी भाषणे ऐकून घरी गेल्यावर प्रत्येक मुलाकडे संशयाने पाहण्याचे कारण नाही.

मुलगा काही घेतो आहे हे ओळखायचे कसे?

पदार्थानुसार खुणा बदलतात आणि एका खुणेवरून काहीच ठरत नाही. हेरॉइन घेतल्यावर डोळ्यांतील बाहुल्या अंधारातही टाचणीच्या टोकाएवढ्या राहतात, मुलगा बसल्या जागी पेंगतो, अंग खाजवतो, बोलणे जड होते, बद्धकोष्ठता होते. मिळाले नाही की नेमके उलटे घडते: नाक-डोळे वाहतात, जांभयांवर जांभया येतात, अंगावर काटा येतो, पाय ओढतात, जुलाब होतात, झोप लागत नाही. शेवटच्या सेवनानंतर साधारण सहा ते बारा तासांत हा त्रास सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतो आणि आठवडाभरात ओसरतो. 'दर पंधरा दिवसांनी सर्दी-तापाची साथ' घरात एकाच मुलाला येत असेल तर विचार करावा.

एमडीमध्ये बाहुल्या मोठ्या होतात, मुलगा दोन-दोन रात्री जागतो, अखंड बोलतो, दात-जबडा आवळतो, जेवण तुटते, वजन झपाट्याने उतरते. नंतरचे दोन दिवस तो झोपून काढतो, चिडतो किंवा कोणीतरी आपल्या मागावर आहे असे बोलू लागतो. गांजाने डोळे लाल होतात आणि अवेळी भूक लागते. हुंगणाऱ्या मुलाच्या बाहीला, रुमालाला रसायनाचा वास येतो आणि तोंडाभोवती पुरळ उठते.

वस्तूंकडेही पाहावे. स्वयंपाकघरातील चांदीच्या कागदाच्या पट्ट्या कापलेल्या, मधोमध काळी रेघ उमटलेली. रिफिल काढून घेतलेली पेनाची पोकळ नळी. बुडाशी जळलेला चमचा. गुंडाळी करून पुन्हा सरळ केलेली नोट. ऑनलाइन पैसे भरल्याची यादी एकदा शांतपणे वाचावी. दर दोन-तीन दिवसांनी एकाच नावावर दोनशे, तीनशे, पाचशे अशा रकमा गेलेल्या असतील आणि ती वडापावची गाडी नसेल, तर विचारण्याजोगे काहीतरी आहे.

येथे एक सावधगिरी बाळगावी. गड्ड्याच्या यात्रेत किंवा गणपतीत मुलगा उशिरा येतो, वयात येताना अबोल होतो, अकरावीत गुण घसरतात. या गोष्टी व्यसनाशिवायही घडतात, आणि नैराश्याची लक्षणेही अशीच दिसतात. पाहायचे ते हे की, दोन-तीन गोष्टी एकाच सुमारास बदलल्या का आणि हा बदल काही आठवडे टिकला का.

त्याची बॅग, खोली, मोबाइल तपासावा का?

जिवाला धोका आहे असे वाटण्याइतके ठोस कारण असेल तर तपासावे, आणि तपासल्याचे नंतर त्याला सांगावे. चोरून रोज मोबाइल पाहणारे पालक फार तर दोन आठवडे पुढे असतात, मग मुलगा दुसरे खाते उघडतो.

औषधांच्या दुकानात लघवी तपासण्याचे किट मिळते. ते आणावे का?

डॉक्टरांना न विचारता आणू नये असे आमचे मत आहे. साध्या किटमध्ये अफूवर्गीय पदार्थ दोन-तीन दिवसच दिसतात, गांजा रोज ओढणाऱ्यात कित्येक आठवडे दिसतो आणि एमडी बहुतेक किटमध्ये दिसतच नाही. म्हणजे 'निगेटिव्ह' आले म्हणून निर्धास्त होता येत नाही. उलट बाजूही आहे: कोडीनचे खोकल्याचे औषध घेतलेल्या किंवा खसखस भरपूर खाल्लेल्या माणसाची चाचणी अफूसाठी 'पॉझिटिव्ह' येऊ शकते. दिवाळीत अनारशांचा डबा संपवलेल्या मुलावर त्या कागदी पट्टीच्या भरवशावर आरोप झाला, तर तो पुढे खरे काही सांगायला तुमच्याकडे येणार नाही. पक्की तपासणी प्रयोगशाळेत, डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि मुलाला सांगून करावी.

संशय पक्का झाला आहे. त्याच्याशी बोलायचे कसे?

नशेत असताना बोलू नये. रात्री दार उघडून आत आल्याआल्या तर मुळीच नाही. आधी आई-वडिलांनी आपापसांत बोलून काय म्हणायचे ते ठरवावे, कारण एक जण रागावणारा आणि दुसरा गुपचूप पैसे देणारा असे घर मुलगा बरोबर ओळखतो. मग सकाळी, घरात पाहुणे नसताना, दोघांपैकी ज्याच्याशी त्याचे जास्त पटते त्याने बोलावे. घरात तेलुगू किंवा कन्नड बोलली जात असेल तर त्याच भाषेत बोलावे. मोठ्या प्रसंगी एकदम शाळेच्या मराठीत बोलू लागलेले वडील मुलाला साहेबांसारखे वाटतात.

पाहिलेल्या गोष्टी सांगाव्यात, निष्कर्ष सांगू नयेत. उदाहरणार्थ : "बाळा, तीन आठवड्यांत तू रात्रीचा नीट जेवला नाहीस, कपाटातले पैसे दोनदा कमी भरले आणि क्लासमधून फोन आला की तू येत नाहीस. मला भीती वाटते आहे. काय चालले आहे ते सांग, मी मध्ये बोलणार नाही." आणि खरोखरच मध्ये बोलू नये. पहिल्या दिवशी बहुधा तो नाकारतो, ओरडतो किंवा उठून जातो. त्यामुळे बोलणे फुकट गेले असे समजू नये. दोन दिवसांनी पुन्हा त्याच सुरात बोलावे.

बहुतेक पालकांच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो 'कोणी दिले?' हा. पोलिसांसाठी तो महत्त्वाचा असेल, पण पालकांनी तो मागे ठेवावा. मित्राचे नाव सांगायचे नाही म्हणून मुलगा सगळेच सांगणे बंद करतो. काय घेतोस, कधीपासून, किती वेळा, सुईने घेतले आहेस का, एकटा असताना घेतोस का, या प्रश्नांची उत्तरे उपचारासाठी आधी लागतात.

चार फटके दिले, खोलीत कोंडले किंवा मामाच्या गावी पाठवले तर सुटणार नाही का?

गांजाची नुकती सुरुवात असलेल्या मुलाला वातावरण बदलून काही दिवस बरे वाटते, हे खरे आहे. परंतु गर्दची सवय लागलेल्या मुलाला मंगळवेढ्याच्या शेतावर पाठवले तर त्याच्यासोबत त्रासही जातो आणि तो हाताळण्याची माहिती मामाला नसते. कोंडून ठेवणे धोक्याचे आहे: जुलाब-उलट्यांनी शरीरातील पाणी कमी होते, आणि तगमगीत मुलगा जिवाचे बरेवाईट करून घेऊ शकतो. त्याहून मोठा धोका नंतर येतो. आठ-पंधरा दिवस न घेतल्याने शरीराची सहन करण्याची क्षमता उतरलेली असते. परतल्यावर पूर्वीइतकेच घेतले तर श्वास बंद पडू शकतो.

जाहिरातीतील 'जेवणात मिसळा, व्यसन सोडवा' अशा पावडरी मुळीच वापरू नयेत. त्यात काय आहे हे कोणालाच माहीत नसते, आणि न सांगता औषध चारलेले उघडकीस आले की मुलगा घरचे जेवणही संशयाने जेवतो.

मुलगा बेशुद्ध सापडला तर पहिल्या पाच मिनिटांत काय करावे?

ओठ-नखे निळसर, श्वास अगदी मंद किंवा घरघर करणारा, बाहुल्या टाचणीसारख्या, हाक मारून आणि छातीच्या हाडावर मुठीने घासूनही प्रतिसाद नाही, ही अफूवर्गीय पदार्थाच्या अतिसेवनाची लक्षणे आहेत. लगेच १०८ क्रमांकावर फोन करावा आणि श्वास चालत नाही हे आधी सांगावे. गाडी दारात असेल आणि रुग्णालय जवळ असेल तर वाट पाहत बसू नये. तोपर्यंत तोंडात काही अडकले असल्यास काढावे, मान किंचित मागे करून हनुवटी वर उचलावी, नाक चिमटीत धरून साधारण दर पाच सेकंदांनी एकदा तोंडाने श्वास द्यावा. श्वास चालू असेल तर कुशीवर झोपवावे, म्हणजे उलटी घशात जाणार नाही. नाडी लागत नसेल तर छातीच्या मध्यावर जोराने दाब द्यायला सुरुवात करावी.

मिठाचे पाणी, लिंबू, ताक पाजू नये; बेशुद्ध माणसाच्या पोटाऐवजी ते फुप्फुसात जाते. 'झोपू दे, उतरेल' असे म्हणून सोडून जाऊ नये. रुग्णालयात काय घेतले ते स्पष्ट सांगावे, कारण नॅलोक्सोन हे इंजेक्शन वेळेत मिळाले तर काही मिनिटांत श्वास परत येतो. अब्रूपोटी 'विषबाधा असेल' किंवा 'चक्कर आली' असे सांगण्यात गेलेली मिनिटे मुलाच्या जिवावर बेततात. नॅलोक्सोनचा परिणाम हेरॉइनच्या आधी ओसरू शकतो, म्हणून शुद्ध आली तरी डॉक्टरांनी सोडेपर्यंत घरी आणू नये.

हुंगणाऱ्या मुलांच्या बाबतीत एक वेगळी सूचना आहे. व्हाइटनर किंवा थिनर हुंगताना मुलगा दिसला तर त्याच्यावर ओरडून धावू नये. अशा वेळी घाबरून पळाल्याने हृदयाचे ठोके बिघडून अचानक मृत्यू येऊ शकतो.

उपचार कोठे सुरू करावेत? आणि उपचार म्हणजे नेमके काय करतात?

सुरुवात मनोविकारतज्ज्ञांपासून करावी. सोलापुरात श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयाच्या, म्हणजे आपल्या सिव्हिलच्या, मनोविकार विभागात केसपेपर काढून दाखवता येते, डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय त्याला जोडलेले आहे. 'सिव्हिलला कोणीतरी ओळखीचे भेटेल' या भीतीने अनेक कुटुंबे महिनोन्‌महिने थांबतात. बाह्यरुग्ण विभागात रांगेत उभा असलेला माणूस झोप लागत नाही म्हणून आला की व्यसनासाठी, हे कपाळावर लिहिलेले नसते. खासगी डॉक्टर परवडत असतील तर तेथे जावे, पण थांबू नये.

घरी बसून बोलायचे असेल तर व्यसनमुक्तीसाठीचा १४४४६ हा राष्ट्रीय क्रमांक, मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानसचा १४४१६ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक निःशुल्क आहेत.

हेरॉइनच्या उपचाराचे दोन भाग असतात. पहिला, सोडतानाचा त्रास औषधांनी आटोक्यात ठेवणे. हा आठ-दहा दिवसांचा असतो आणि कुटुंबे चुकून यालाच पूर्ण उपचार समजतात. दुसरा, पुढील महिने-वर्षे ओढ कमी ठेवणे. त्यासाठी ब्युप्रेनॉर्फिनसारखे, स्वतःही अफूवर्गीय असलेले पण हेरॉइनपेक्षा सुरक्षित औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिले जाते. 'एक नशा सोडवून दुसरी लावली' असा आक्षेप नातेवाईक घेतात. मात्र ठरलेल्या मात्रेत घेतलेल्या या गोळीने चढ-उतार थांबतात, सुई सुटते, मुलगा कॉलेजला जाऊ शकतो आणि मृत्यूचा धोका कमी होतो, याचा जगभरातला अनुभव भक्कम आहे. अठरा वर्षांखालील मुलाला ते द्यायचे की नाही हे तज्ज्ञांनी ठरवायचे आहे. एमडी, गांजा किंवा हुंगण्याचे पदार्थ यांच्यासाठी असे बदली औषध नाही. तेथे समुपदेशन, झोप-नैराश्यावरचे उपचार आणि कुटुंबाचा सहभाग यांवरच भर असतो.

सुई वापरलेली असेल तर एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी यांची तपासणी करून घ्यावी. हिपॅटायटिस सी आता काही महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो आणि सरकारी कार्यक्रमात ते उपचार मोफत मिळतात.

व्यसनमुक्ती केंद्रात ठेवायचे असेल तर काय पाहावे?

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित विकार मानसिक आजाराच्या व्याख्येत येतात, त्यामुळे अशा केंद्राची राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. नोंदणीचे प्रमाणपत्र मागावे आणि ते भिंतीवर नसेल तर कारण विचारावे. मनोविकारतज्ज्ञ कोणत्या वारी येतात, रात्री कोण असते, मुलाला भेटू किंवा फोन करू देतात का, हे विचारावे. अल्पवयीन मुलाला अपवादात्मक परिस्थितीतच आणि स्वतंत्र तपासणीनंतर दाखल करता येते, त्याला प्रौढ रुग्णांपासून वेगळे ठेवावे लागते आणि पालक किंवा नियुक्त व्यक्तीने त्याच्यासोबत राहायचे असते. त्यामुळे 'सहा महिने इकडे फिरकू नका, आम्ही सरळ करतो' असे जे केंद्र सांगते त्याच्या दारातून परत फिरावे. साखळी बांधणे याच कायद्याने निषिद्ध आहे. मारहाण होते हे ऐकूनही 'तशीच शिस्त हवी' म्हणणारे वडील आम्हाला भेटले आहेत. तेथून आलेली मुले व्यसनापेक्षा आधी घरावरचा विश्वास सोडतात.

डॉक्टरांकडे गेलो तर पोलिस केस होईल का? त्याचे करिअर संपेल का?

या भीतीने जेवढे नुकसान होते तेवढे कायद्याने होत नाही. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात, म्हणजे एनडीपीएसमध्ये, सेवन हाही गुन्हा आहे. हेरॉइनसाठी कलम २७ नुसार एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. परंतु त्याच कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये तरतूद आहे की, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणातील पदार्थाचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वेच्छेने सरकारी किंवा मान्यताप्राप्त संस्थेत व्यसनमुक्तीचे उपचार घेत असेल तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण जाऊ शकते. उपचारांची माहिती गोपनीय ठेवली जाण्याचा रुग्णाचा हक्क २०१७ च्या कायद्यातही आहे.

खरी काळजी दुसरीकडे करावी. फुकट माल मिळतो म्हणून मुले पुड्या पोहोचवू लागतात. हेरॉइनचे अल्प प्रमाण ५ ग्रॅमपर्यंत आणि एमडीचे २ ग्रॅमपर्यंत धरले जाते. व्यापारी प्रमाण अनुक्रमे २५० आणि ५० ग्रॅमपासून सुरू होते आणि त्यासाठी किमान दहा वर्षांची शिक्षा आहे. अल्पवयीन मुलाचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते, पण १६ वर्षांवरील मुलाला इतक्या गंभीर गुन्ह्यात प्रौढ म्हणून खटल्याला सामोरे जावे लागू शकते. 'मित्राची बॅग फक्त पोहोचवली' हे मुलाला किरकोळ वाटते, म्हणून हे आकडे त्याला माहीत असावेत.

विकणाऱ्याची तक्रार करावी का? आमच्या मुलाला त्रास होईल.

करावी, पण मुलाला पुढे करून नको आणि स्वतः जाब विचारायला तर जाऊच नये. अमली पदार्थांच्या माहितीसाठी केंद्राची १९३३ ही 'मानस' हेल्पलाइन जुलै २०२४ पासून सुरू आहे आणि तेथे नाव न सांगता माहिती देता येते. तातडीच्या वेळी ११२ आहेच. मुलाला अमली पदार्थ देणे आणि मुलाकडून ते विकून घेणे या दोन्हींसाठी बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७७ व ७८ मध्ये सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला बंदी आहे आणि गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. शाळेसमोरच्या टपरीपासून सुरुवात करायला सोसायटीच्या चार पालकांचा एक लेखी अर्ज पुरतो.

त्याच्या मित्राच्या आई-वडिलांना सांगावे का?

सांगावे. 'तुमच्या मुलाने आमच्या मुलाला बिघडवले' असे मात्र म्हणू नये, कारण नेमके तेच वाक्य तेही तुमच्याबद्दल बोलत असण्याची शक्यता असते.

मुलीच्या बाबतीत काही वेगळे आहे का?

लक्षणे तीच, लपवणे दुप्पट. मुलीचे पुढे लग्न ठरायचे आहे म्हणून कुटुंब डॉक्टरांपर्यंत शेवटी पोहोचते. पदार्थाच्या बदल्यात शोषण, फोटोंवरून धमक्या हे प्रश्न मुलींच्या बाबतीत हळुवारपणे, शक्यतो महिला समुपदेशकाने विचारले पाहिजेत. तसे काही आढळल्यास पॉक्सो कायदा लागू होतो आणि ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे.

आम्ही स्वतः मावा खातो, घरात विड्या वळल्या जातात. मुलाला कोणत्या तोंडाने सांगायचे?

विडी वळणे हा पोटाचा धंदा आहे आणि त्याची लाज वाटण्याचे कारण नाही. तंबाखूची पाटी मात्र मुलांच्या अभ्यासाच्या खोलीत नको. स्वतःच्या माव्याबद्दल मुलाशी खोटे बोलू नये. 'मला सुटत नाही, पंधरा वर्षांचा होतो तेव्हा लागला' हे वडिलांनी सांगितलेले वाक्य मुले ऐकून घेतात, आणि वडिलांनी त्याच महिन्यात सोडायला सुरुवात केली तर आणखी ऐकतात.

किती दिवसांत पूर्ण बरा होईल?

तारीख देणारा डॉक्टर शोधू नये. हा मधुमेहासारखा दीर्घकाळ सांभाळण्याचा आजार आहे आणि पुन्हा घेतले जाणे हे पहिल्या वर्षात अनेकांच्या बाबतीत घडते. तसे झाल्यास उपचार वाया गेले असे न मानता त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे परत जावे आणि औषधाची मात्रा, समुपदेशनाच्या वेळा, मित्र, पैसे यांपैकी काय निसटले ते शोधावे. मधल्या खंडानंतर पूर्वीइतकी मात्रा जीवघेणी ठरते, ही गोष्ट मुलाला तोंडावर सांगून ठेवावी. असे सांगणे म्हणजे परवानगी देणे, असा समज करून घेऊ नये. हातात रोख पैसे देण्याऐवजी बसचा पास, मेसचे पैसे परस्पर भरावेत आणि हे किती महिने चालेल ते त्याच्याशी बोलून ठरवावे.

या सगळ्यात त्याचे बारावीचे वर्ष वाया गेले तर?

जाऊ द्यावे. उपचारांचे पहिले महिने आणि बोर्डाची परीक्षा एकाच वेळी ओढण्याचा हट्ट केला तर बहुधा दोन्ही हातचे जातात. शाळेला आजारपणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र देता येते. त्यावर आजाराचा तपशील किती लिहायचा हे डॉक्टरांशी बोलून ठरवता येते. मुख्याध्यापकांना किंवा वर्गशिक्षकांपैकी एका विश्वासू व्यक्तीला खरे सांगितलेले बरे, कारण परतल्यावर त्याच्यावर लक्ष ठेवणारे तेथे कोणीतरी हवे असते. नियमित कॉलेज सुटलेच तर राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी-बारावीला खासगी विद्यार्थी म्हणून बसता येते. या फॉर्मची मुदत परीक्षेच्या कित्येक महिने आधी संपते, म्हणून उपचार सुरू असतानाच जवळच्या संपर्क केंद्र असलेल्या शाळेत चौकशी करून ठेवावी.